लुगडं नेसून थ्रेशरपुढे उभे राहिलेले जावई

खळ्यातले सगळे लोक हसत होते आणि माझ्या बहिणीच्या जावयाचा गळा आवळला जात होता. थ्रेशरच्या तोंडात माझं जुनं हिरवं लुगडं खेचलं जात होतं, लुगड्यात जावई होते, आणि त्यांचं डोकं दादर ज्वारीच्या कणसांबरोबर त्या तोंडाकडे चाललं होतं. मिशीवाला, शिकलेला, उंच माणूस डोक्यावर पदर घेऊन यंत्राशी झोंबतोय हे बघून बायांनी तोंडाला पदर लावले होते. पोरं टाळ्या पिटत होती. ट्रॅक्टरवाला तर खाली उतरून, मांडीवर थापा मारत हसत होता. सगळ्यांना वाटलं, हेही नाटकातलंच. त्या हंगामात जावयांनी आमच्या गावात इतक्यांदा मरून दाखवलं होतं की खरं मरण कोणाला ओळखू येईना.

आमच्या पारोळ्याच्या भागात जावई पुष्कळ आहेत. मांड्यावर तूप कमी पडलं म्हणून रुसणारे आहेत, लेकरं शाळेत गेली तरी सासऱ्याने मोटारसायकल दिली नाही म्हणणारे आहेत, सासुरवाडीला आले की दुपारभर पंख्याखाली घोरणारे तर घरोघरी आहेत. पण सासुरवाडीला येऊन थ्रेशरच्या खाली झोपणारा जावई सगळ्या खान्देशात एकच होता, आणि तो आमच्या वाट्याला आला. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा हा नवरा. जळगावला शेतीच्या यंत्रांवर संशोधन करायचा. मेहरूणला तलावाच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या होत्या. एक खोली संसाराची आणि एक नटबोल्टची असं ठरलं होतं. वर्षभरात नटबोल्ट संसाराच्या खोलीत आले आणि संसार स्वयंपाकाच्या ओट्यावर गेला. भाची तक्रार करायची नाही. ती म्हणायची, "मावशी, दुसऱ्यांचे नवरे दारू आणतात, माझे पट्टे आणतात. पट्ट्याला वास येत नाही."

संशोधन म्हणजे नवीन यंत्र काढणं, असं मला वाटायचं. यांचं उलटंच. यंत्र चालतं कसं यात त्यांना फारसा रस नव्हता. ते थांबतं किती वेळात, एवढंच त्यांना पाहिजे असायचं. ट्रॅक्टर बंद केला तरी थ्रेशरच्या आतला ड्रम आपल्या जोराने फिरतच राहतो, आणि तेवढ्या वेळात हात जातो, हे ते जेवताना, चालताना, मयतीला आले तरी सांगायचे. मी एकदा म्हटलं, "जावईबापू, जग यंत्र पळवायच्या मागे आणि तुम्ही थांबवायच्या मागे. तुमचं पोट कसं चालतं?" तर म्हणाले, "मावशी, पळवणारे भरपूर आहेत. त्या बाजूला गर्दी फार आहे."

माणूस भेटला की आपण तोंड बघतो. हे हात बघायचे. नशिराबादला एका लग्नात आम्ही गेलो होतो. तिथे नवरदेवाचा एक चुलता कोपऱ्यात उभा, डावा हात खिशात. जावयांनी नाव-गाव विचारलं नाही, सरळ म्हणाले, "कडबाकुट्टी ना?" तो माणूस दचकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?" "कोणी नाही. डावा हात खिशात म्हणजे कडबाकुट्टीच. उजव्या हाताने चाक फिरवत होतात, डाव्याने कडबा सारत होतात. बोटं किती गेली?" बाजूला अक्षता पडत होत्या, वाजंत्री वाजत होती आणि हे दोघं खुर्च्या ओढून समोरासमोर बसलेले. नवरदेवाकडची माणसं माझ्याकडे बघायला लागली, मी जावयाकडे बघेना. पण एक खरं सांगते, तो माणूस जेवायला बसला तेव्हा हात खिशात नव्हता. मांडवात सगळ्यांदेखत, उघडा, ताटाशेजारी ठेवलेला होता. कोणी विचारलं की तोच सांगायचा, "कडबाकुट्टी. साहेबांनी एका नजरेत ओळखलं."

उसाचा रस त्यांना आवडायचा, पण कधी प्यायला मिळाला नाही. रसवंती दिसली की गाडी थांबवायची, रस मागवायचा आणि ऊस घालणाऱ्याच्या मनगटाकडे बघत उभं राहायचं. एका रसवंतीवाल्याच्या मनगटाला देवीचा दोरा होता. हे म्हणाले, "दादा, तो दोरा दंडावर बांधा." तो म्हणाला, "देवीना शे, साहेब. मनगटलेच बांधतस." हे म्हणाले, "देवीला माझं नाव सांगा. म्हणावं, एक माणूस आला होता, त्याला रस गिळवेना." शेवटी भाचीने तो दोरा सोडून दंडावर बांधून दिला. तोवर रसात माश्या पडल्या. पैसे पूर्ण दिले, रस तसाच राहिला. गाडीत बसल्यावर भाची म्हणाली, "घरी लिंबू पिळून देते." लिंबू पिळायचं यंत्र तिने मुद्दाम घेतलं नव्हतं.

धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान असतो. अनारसे द्यायचे, कपडे द्यायचे, चांदीचं भांडं द्यायचं. माझ्या बहिणीने पॅन्ट-शर्टाचं कापड आणून ठेवलं होतं. जावई पाटावर बसले, ओवाळून झालं, आणि कापडाला हात न लावता म्हणाले, "आई, हे राहू द्या. घरातली जुनी लुगडी असतील तर ती द्या. फाटकी चालतील. पदर मात्र शाबूत पाहिजे." बहीण रडकुंडीला आली. तिला वाटलं, जावयाचं डोकं फिरलं. मी तिथेच होते. मी म्हटलं, "दे की. मागून मागून लुगडीच मागतोय." तेव्हापासून आमच्या सगळ्या नात्यातल्या बायांची जुनी लुगडी बोचकं बांधून मेहरूणला जायला लागली. तिथे जावई ती थ्रेशरला खायला घालायचे.

सुरुवातीला त्यांनी पोत्याची बाई केली होती. पोत्यात भुसा भरलेला, वर मडक्याचं डोकं, अंगावर आमच्यापैकीच कोणाचं तरी लुगडं. तिला थ्रेशरपुढे उभी करायची, पदर ड्रममध्ये सोडायचा आणि यंत्र किती वेळात थांबतं ते बघायचं. यंत्राच्या तोंडासमोर त्यांनी एक आडवा लोखंडी दांडा लावला होता. बाई ओढली गेली की तिचं पोट त्या दांड्यावर आपटावं, दांडा आत दबावा, पट्टा सुटावा आणि ड्रमला तिथल्या तिथे ब्रेक बसावा, अशी ती रचना. दांडा कुठल्या उंचीवर लावायचा यासाठी त्यांनी आमच्या गावातल्या बायांची मापं घेतली. म्हणजे टेप भाचीच्या हातात, आणि हे भिंतीकडे तोंड करून उभे. "कोपर?" हे भिंतीला विचारायचे. "कंबर?" भाची आकडा सांगायची. आमच्या गल्लीतल्या एकीने विचारलं, "ब्लाउज शिवतस का जवाई?" भिंतीकडे बघूनच म्हणाले, "नाही आक्का, दांडा बसवतो." बाया दिवसभर हसल्या, पण मापं द्यायला राहिलं कोणी नाही. एवढ्या बारकाईने त्यांची उंची याआधी कोणी विचारली नव्हती.

पोत्याची बाई काही दिवस मेली, काही दिवस जगली. जावयांचं समाधान होईना. ते दादरच्या हंगामात आमच्याकडे मुक्कामाला आले आणि उपडं घमेलं घेऊन खळ्यात बसले. कणसं घालणाऱ्या बायांकडे सकाळपासून नुसतं बघायचे. ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, "काकू, पाहुणा चांगल्या घरचा शे ना?" मी म्हटलं, "घरचा चांगला शे. डोक्याचं माहीत नही."

एके दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "मावशी, आबा खळ्यात येतात तेव्हा तुम्ही बाया काय करता?"

आबा म्हणजे माझे जेठ, मोठे दीर. माझ्या नवऱ्याच्या मागे घरात मोठे तेच. मी म्हटलं, "काय करणार? काम करतो."

"त्याच्या आधी?"

"काही नाही."

जावयांनी भाकरी खाली ठेवली आणि आबा उंबऱ्याबाहेर खाकरतात तसे हुबेहूब खाकरले. माझा हात डोक्याकडे गेला. चुलीपुढे माझी सून भाकरी थापत होती, तिचा पिठाचा हात तसाच डोक्याकडे गेला आणि केस पांढरे झाले. जावई ताटावरून उठले. "हेच! मावशी, हेच!" म्हणत घरभर फिरले. शेवभाजी तशीच थंड झाली.

ते काय म्हणत होते ते मला त्या दिवशी कळलं. बाई खळ्यात येते तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचून येते. दिवसभर तिला काही होत नाही. पण मोठं माणूस खाकरलं की खोचलेला पदर निघतो, डोक्यावर जातो, एक हात तो धरायला अडकतो, तोंड दिसू नये म्हणून बाई अंग वळवते, आणि वळते ती नेमकी यंत्राच्या तोंडाकडे. त्यात वारा असला की पदराचं टोक आधी आत जातं. पोत्याच्या बाईला ना जेठ, ना सासरा. ती कोणासाठी पदर घेणार? म्हणून ती शहाण्यासारखी मरायची आणि काही शिकवायची नाही. मी या घरात आले तेव्हापासून आबा खाकरतात आणि माझा हात उठतो. माझे केस पिकले, दात पडले, हात काही विचारत नाही. मी म्हटलं, "म्हणजे आबांनी खाकरायचं नाही का?" जावई म्हणाले, "आबांनी यायचंच नाही. ड्रमला नातं कळत नाही, मावशी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्की आणली आणि थ्रेशरभोवती मोठी गोल पांढरी रेघ मारली, कबड्डीला मारतात तशी. मोठ्या माणसांनी रेघेच्या आत यायचं नाही. आबा काठी टेकत आले आणि रेघेपाशी थांबले.

"मना खळामा मालेच बंदी? हाऊ कोणता कायदा शे?"

"कायदा नाही आबा, रेघ आहे."

"कोनी मारी?"

"मी."

"तुम्ही जवाई शेतस. जवाईसनी पाट मांगवा, ताट मांगवा. रेघा मारानं काम जवाईसनं नही."

"आबा, तुम्ही खाकरता म्हणून बायांचे पदर निघतात."

"आन् मी खाकरनू नही तं बायासले कसं समजी मी उनू ते?"

जावयांनी रेघेवर आणखी फक्की टाकली. आबांचंही खोटं नव्हतं. खाकरणं हा त्यांच्या बाजूने बायांना दिलेला मान होता, अचानक पुढे जाऊन उभं राहू नये म्हणून. दोघंही बायांच्या भल्यासाठीच भांडत होते आणि बाया उन्हात कणसं घेऊन उभ्या होत्या. शेवटी मीच म्हटलं, "रेघेच्या बाहेरून भांडा. दादर पडली आहे." आबा त्या दिवशी लिंबाखाली जाऊन पाठ करून बसले ते दोन्ही वेळचं जेवण होईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

रेघ मारली तरी रेघ कोण पाळणार, हे जावयांनाही कळत होतं. म्हणून दांडा खरा चालतो का, ते खऱ्या प्रसंगात बघायचं ठरलं. खरा प्रसंग म्हणजे कोणी तरी कणसं घालायची, आबांनी खाकरायचं, पदर डोक्यावर जायचा आणि यंत्रात सापडायचा. माझी सून म्हणाली, "मी राहते उभी. दांडा आहे ना?" जावई इतक्या जोरात "नाही" म्हणाले की कोंबड्या उडाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. मग म्हणाले, "दांड्यावर माझा विश्वास आहे. तुम्हाला उभं करण्याइतका अजून नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमचं ते हिरवं लुगडं द्या. मी नेसतो."

गुडघ्याच्या खाली पोटऱ्या उघड्या, वर शर्टाच्या बाह्या, मधे माझं लुगडं. सुनेने नेसवून दिलं आणि हसत हसत भिंतीला धरून बसली. गल्लीत हाक गेली, "माय वं, जवाई लुगडं नेसीसन उनात!" सगळं गाव जमा झालं. आबांनी ओट्यावरून बघितलं आणि म्हणाले, "हाऊ जवाई शे का बहुरूपी शे?" पण जावई लाजले नाहीत. सुनेकडून ते शिकायला बसले. पदर कसा खोचायचा, कसा सोडायचा, वारा असला की गळ्याभोवती एक वळसा कसा घ्यायचा, टोक दातांत कसं धरायचं. यंत्र बंद ठेवून रोज संध्याकाळी तालीम व्हायची. आबांना खाकरायचं काम दिलं होतं. रेघेच्या आत यायची परवानगी मिळाली म्हणून आबा खूश झाले, धुतलेलं धोतर नेसून यायला लागले. पण आयुष्यभर न ठरवता खाकरलेल्या माणसाला ठरवून खाकरता येईना. गळाच कोरडा पडायचा. मग मी त्यांना सुंठ द्यायची. ते एकदाचे खाकरले की जावयांचा हात डोक्याकडे जायचा, पदर यंत्राच्या तोंडाशी धरायचा आणि "ओढलो गेलो, ओढलो गेलो" म्हणत जावई पुढे पडायचे, हातपाय झाडायचे, मरायचे. पोरं "पुन्हा! पुन्हा!" ओरडायची. हे पुन्हा मरायचे. सवय इतकी लागली की पारोळ्याच्या बाजारात चहा पिताना कोणी तरी म्हातारा खाकरला तर पॅन्ट-शर्टातल्या या माणसाचा हात डोक्यावर गेला. भाची म्हणाली, "आता घरी आल्यावर मलाच खाकरून यावं लागतं."

खरा दिवस आला. यंत्र चालू झालं. जावई काही बेअक्कल नव्हते. लुगड्याचा पदर त्यांनी खांद्याशी कापून परत कच्च्या टाक्याने जोडून घेतला होता. ओढ बसली की टाका उसवावा, पदर एकटा आत जावा, आणि दांड्यावर आपण पोट टेकून यंत्र थांबवावं, असा बेत. पण दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे त्या दिवशी वारा होता, आणि शिकले ते इतकं चांगलं शिकले होते की आबा खाकरल्याबरोबर त्यांनी सुनेसारखाच पदराचा वळसा गळ्याभोवती घेतला. टाका उसवला, पण वळसा राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे दांडा आमच्या मापाचा होता. आमच्या पोटाशी येणारा दांडा त्यांच्या मांडीशी आला. मान खेचली गेली तसे ते कमरेत वाकले, पाय मागे गेले, आणि दांड्याला त्यांचा धक्काच लागेना. बायांची मापं घेताना भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला हा माणूस स्वतःचं माप घ्यायला विसरला होता.

गाव हसत होतं ते यावर.

मी का हसले नाही ते मला सांगता येणार नाही. मला त्यांच्या टाचा दिसल्या. तालमीत मरताना ते पाय झाडायचे. त्या वेळी पाय हलत नव्हते. टाचा वर उचललेल्या, बोटं मातीत रुतलेली. मी धावले. मागून त्यांच्या कमरेला धरून ओढायचं एवढंच माझ्या मनात होतं. पण माझं वय आणि पायाखाली कणसं. पाय सरकला आणि मी त्यांच्या बाजूने पुढे जाऊन पोटाने दांड्यावर आपटले. थाडकन आवाज झाला, पट्टा उडाला, आणि ड्रम थांबला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्यात थांबला. लोक अजून सांगतात की म्हातारीने डोकं लावून दांडा दाबला. खोटं आहे. मला दांड्याची आठवणसुद्धा नव्हती.

ट्रॅक्टरवाल्याने विळ्याने लुगडं कापलं. जावयांचं तोंड जांभळं झालं होतं, गळ्यावर लुगड्याच्या काठाचा वळ उमटला होता. त्यांना खाली निजवलं तर त्यांनी माझा हात धरला आणि घशातून कसाबसा आवाज काढला, "मावशी... दाबला, की पडल्या?"

"पडले," मी म्हटलं. "गप राहा."

"पडल्या!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या जांभळ्या तोंडावर हसू आलं. "पडल्या... म्हणजे चाललं." आणि त्यांची शुद्ध गेली.

त्यांना गाडीत घालून धुळ्याला नेलं. भाची लुगड्याचा कापलेला तुकडा हातात घेऊनच गाडीत चढली, तो खाली टाकायचं तिला सुचलं नाही. गाडी गेली, लोक गेले. मी पोटाला हळद लावून घरी बसले. सून रडत होती, तिला मी म्हटलं, रडायचं ते खबर आल्यावर रड. आबांचा पत्ता नव्हता. सूनच बघून आली. ते खळ्यातच होते, फक्कीच्या रेघेबाहेर, उन्हात, काठी आडवी मांडीवर घेऊन. पाणी नेलं तर घेतलं नाही. सावलीत या म्हटलं तर आले नाहीत. आपल्याच खाकरण्याने पोरगं गेलं, असं त्यांनी धरलं होतं.

ऊन उतरलं तेव्हा भाचीचा फोन आला. मी तशीच खळ्यात गेले. आबांना बघून हात डोक्याकडे गेला. त्यांनी काठीनेच नको म्हणून खूण केली.

"राहू दे," ते म्हणाले. या घरात येऊन माझा जन्म गेला, पण तोंडाकडे बघून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. "पोऱ्याना काय निरोप शे?"

मी सांगितलं, "डोळा उघडात. दूध पिनात. डॉक्टरले दांड्यानी उंची समजाडी ऱ्हायनात."

आबा काठी टेकत उठले. मग म्हणाले, "बायासले सांग, आते खळामा डोकावर पदर लेवानं काम नही. कोनी उना तरी खोचेल राहू द्या." त्यानंतर ते कधी रेघेच्या आत गेले नाहीत. फक्की वाऱ्याने उडाली तरी ती कुठे होती ते त्यांना बरोबर माहीत असायचं. दुसरे म्हातारे आले तर त्यांनाही ते काठीने अडवायचे. म्हणायचे, "आठेच थांबा. जवाईनी रेघ शे."

जावयांचा आवाज घोगरा झाला तो तसाच राहिला. नंतरच्या यंत्रांना त्यांनी दोन उंचींवर दांडे लावले आणि आमच्याच खळ्यात येऊन, यावेळी पॅन्ट घालून, दोन्ही चालवून दाखवले. तसे थ्रेशर आता पारोळ्याच्या बाजूला फिरताना दिसतात, सगळे नाहीत, काही. मग त्यांची बदली लांब झाली. मेहरूणच्या खोल्या सुटल्या, येणं-जाणं कमी झालं. आता फोन असतो. कोणाच्या घरी नवीन सून आली असं मी सांगितलं तर ते रूप विचारत नाहीत, हुंडा-आहेर विचारत नाहीत. उंची विचारतात. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता दादरचा हंगाम आला आणि फोन आला नाही की मला घर रिकामं वाटतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं तर विचारतील, रिकामं म्हणजे किती.

गावच्या मास्तरांनी त्यांना एकदा ओट्यावर विचारलं होतं, तुमच्या घरात कोणाचं असं काही झालं होतं का, म्हणून तुम्ही याच्या मागे लागलात? जावई म्हणाले, "नाही. व्हायला पाहिजे का?" मलाही वाटलं होतं, काही तरी दुःख असेल. काही नव्हतं. त्यांना फक्त बायांचे हात जाऊ नयेत असं वाटायचं, तेवढंच.

आबा पुढच्या थंडीत गेले, खाटेवर, वयाने. माझ्या पोटाचं दुखणं महिनाभरात थांबलं. सून अजून कणसं घालते, पदर खोचून. जावई जगले.